मासिक श्रवणबैठकीबाबत सूचना

सर्व सदस्यांना कळविण्यात येते की, या महिन्याची श्रवणबैठक येत्या रविवारी सायंकाळी ठीक ५ वाजता सांगलीत, विश्रामबाग येथील आपल्या नेहमीच्या जागी होईल.

बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीची पहिली मूव्हमेंट (रचनेचा स्वतंत्र भाग) फुर्टवेंगलर (बर्लिन फिलहार्मोनिक, मे १९४७) आणि कार्लोस क्लायबर (व्हिएन्ना फिलहार्मोनिक, १९७४) या वाद्यवृंद-संचालकांच्या ध्वनिमुद्रणांतून लागोपाठ ऐकविली जाईल. जुन्या मुद्रणाच्या खरखरीवरून निकाल न देता लयीतील चढउताराकडे लक्ष द्यावे. खरी तुलना तिथेच आहे.

त्यानंतर शूबर्टच्या १८२८ मधील, दोन चेलोंच्या सी मेजर स्ट्रिंग क्विंटेटसाठी (पाच तंतुवाद्यांसाठीची रचना) :

- सदस्यांनी आपले आवडते एकच ध्वनिमुद्रण आणावे आणि वादकांची नावे शुक्रवारपर्यंत संयोजकांना कळवावीत.
- फक्त दुसऱ्या मूव्हमेंटची पहिली पाच मिनिटे वाजविली जातील.

वादन सुरू असताना बोलू नये. दाददेखील नंतरच द्यावी.