जुनी रजिस्टरे रद्दीत घालू नका: वैद्यकीय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. वैद्यकीय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार,

रुग्णालयांच्या तळघरांतले जुन्या रुग्ण-रजिस्टरांचे बस्ते रद्दीत देऊ नयेत आणि ते वाचू शकेल असा माणूस नेमावा, एवढ्यासाठी हे पत्र.

असा माणूस घडायला वेळ लागतो. हेन्री सिगरिस्ट (१८९१–१९५७) हा स्विस इतिहासकार आधी पौर्वात्य भाषा शिकला, मग डॉक्टर झाला. १९२५ पासून लाइपझिगला, १९३२ पासून बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये वैद्यकाचा इतिहास शिकवला. १९४४ मध्ये भारतातील आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या कामासाठी तो भारतातही आला होता. त्याने इतिहासाचे आठ खंड योजले. हयातीत छापला गेला एक, दुसरा मागाहून. हैदराबादेत उस्मानिया मेडिकल कॉलेजात १९५६ साली डॉ. डी. व्ही. सुब्बा रेड्डी यांनी या विषयाचा विभाग उभा केला. आपले मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज तर १८४५ चे!

आता मुद्द्याचे. जुन्या रजिस्टरात ‘रेमिटंट फीवर’ (चढउतार होणारा, पण पूर्ण न उतरणारा ताप) अशी नोंद सापडते. हिवतापाचा परजीवी फ्रेंच डॉक्टर लॅव्हरानला दिसला १८८० मध्ये. त्याआधीच्या या शब्दात हिवतापही असेल, विषमज्वरही. संगणकावर चढवणाऱ्याने सरळ ‘मलेरिया’ टाकले की नोंद बाद झाली. मूळ शब्द जसाच्या तसा एका रकान्यात, आजचा अंदाज दुसऱ्यात, आणि महिना, वय, पेशा, वस्ती सोबत हवीच.

कागदाचे हाल बहुधा दुरुस्तीतच होतात. बाइंडर कडा सारख्या कापतो आणि समासातले डॉक्टरांचे शेरे कातरणात जातात. सेलोटेपचा डिंक पिवळा पडून शाईत उतरतो. प्लॅस्टिकचे लॅमिनेशन तर पुन्हा सुटत नाही. फाटलेल्या पानाला पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ पुरते. ओल्या खळीने पसरेल अशी शाई आहे का, ते आधी कोपऱ्यात तपासावे. बुरशी आलेली वही ओल्या फडक्याने पुसू नये. ती वेगळी ठेवून सुकवावी आणि मग, तोंडाला मास्क लावून, मऊ ब्रशने झाडावी. स्कॅनिंग ४०० डीपीआयला, पुठ्ठ्यापासून पुठ्ठ्यापर्यंत, कोरी पानेसुद्धा. ती गाळली की पृष्ठक्रमांक जुळत नाहीत. स्कॅन झाले म्हणून मूळ वही मात्र काढून टाकायची नाही.

पावसाळ्याआधी दोन आदेश निघावेत: १९५० पूर्वीचे एकही रजिस्टर यादी केल्याशिवाय निर्लेखित होणार नाही, आणि जुन्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मोडी, इंग्रजी हस्ताक्षर आणि वैद्यक जाणणाऱ्या अभ्यासकाचे एकेक कायम पद. कंत्राटी नको. अकरा महिन्यांत अक्षर लागायला लागते, तोवर माणूस निघून जातो.

आपले,
वैद्यकाच्या इतिहासाचे काही अभ्यासक