तो वर राहतो

प्रिय सुन्या,

हल्ली रात्री जागून काय वाचतोस, असं तू विचारलं होतंस. उंदरांबद्दल वाचतोय. पापुआ न्यू गिनीच्या डोंगरांवरच्या केसाळ, महाकाय उंदरांबद्दल.

आपल्याकडची गटारातली घूस डोळ्यांसमोर आणू नकोस. हा नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत 85 सेंटिमीटर लांब, वजन दोन किलोच्या आसपास. अंगावर लोकरीसारखे दाट केस, कारण विषुववृत्त जवळ असलं तरी त्या उंचीवर रात्री कडाक्याची थंडी पडते. रात्री बाहेर पडतो, झाडपाला खातो. त्या बेटावर मुळात माकडं नाहीत, खारी नाहीत. आशियाकडून बेटाबेटांवरून उंदीर तिथे पोचले आणि लाखो वर्षांत झाडांवर त्यांनी आपली जागा केली.

2009 साली बोसावी या विझलेल्या ज्वालामुखीच्या विवरात याचा एक भाऊबंद सापडला. माणसं जवळ आली तरी पळाला नाही, शांत बसून राहिला. ते वाचलं आणि पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसलो रे.

पण मला खरं सांगायचंय ते माउंट विल्हेल्मवरच्या उंदराबद्दल. 4,509 मीटरचा हा डोंगर देशातला सर्वांत उंच. 1989 साली या जातीची शास्त्रात नोंद झाली, ती संग्रहालयांतल्या नमुन्यांवरून. रानातला जिवंत प्राणी मात्र कॅमेऱ्यात आलाच नव्हता. फ्रँटिशेक वेयम्येल्का या चेक संशोधकाने काढलेले त्याचे पहिले फोटो आणि व्हिडिओ 2025 मध्ये प्रसिद्ध झाले. वाट दाखवायला तिथले शिकारी होते. त्यांच्यावाचून हे प्राणी सापडलेच नसते, असं तो स्वतः सांगतो. जग ज्याला आत्ता बघतंय, तो त्यांच्या रोजच्या रानातला.

आणि नाव ऐक: मॅलोमिस इस्टापान्टाप. मला वाटलं लॅटिन असेल. पण दुसरा शब्द निघाला टोक पिसिन, म्हणजे तिथल्या बाजारात, रस्त्यावर बोलली जाणारी भाषा. 'इ स्टाप आन्टाप', 'तो वर राहतो'. उंदीर कुठे असतो विचारलं, तर डोंगराकडे बोट दाखवून कुणीही हेच सांगेल. इतकं साधं, इतकं खरं शास्त्रीय नाव मी दुसरं ऐकलेलं नाही. दोन दिवस तेच तोंडात घोळतंय.

दिवाळीत येशील ना? व्हिडिओ तुझ्यासोबत पुन्हा बघायचाय.

तुझा,
विनू