वॉरंटी गेली म्हणता, मग लेखी द्या

महोदय,

यंत्रमाग कारखान्यात ३० वर्षे जॉबर, म्हणजे माग जोडणारा-दुरुस्त करणारा, होतो. पाना कसा धरायचा हे मला नव्याने शिकायचे नाही. तरी गेल्या महिन्यात शहरातल्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये ऐकावे लागले, "काका, गाडीचा एअर फिल्टर घरी बदललात? वॉरंटी गेली." सोलापूरच्या धुळीत फिल्टर मुदतीआधीच काळा पडतो, बदलायला दहा मिनिटे पुरतात. मी पिशवीतून बिल काढले. पुस्तिकेत दिलेलाच फिल्टर, तारीख, किलोमीटर, मीटरचा फोटोसुद्धा. "लेखी द्या" म्हटल्यावर साहेब चहा विचारू लागले!

भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना दंड केला, तेव्हा बाहेरच्या गॅरेजात काम केले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असेही बजावले होते. वाद पुढे कोर्टात गेला, ते वेगळे. अर्थात चुकीच्या ग्रेडचे ऑइल ओतून इंजिन बसले, तर तो खर्च आपल्याच गळ्यात. ठरलेली सर्व्हिस मी चुकवत नाही. वायरिंगला तर हातच लावत नाही.

वॉरंटी नेमकी कशाने जाते, ते काउंटरवर मराठीत लिहून लावा. नाहीतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर मला पाठ आहे.

– एक निवृत्त जॉबर, जुळे सोलापूर