सनद साडेसातशेची : कायदामंत्र्यांना एका विना-सनद पदवीधर बाईचं खुलं पत्र

मा. केंद्रीय विधी व न्याय मंत्री,
नवी दिल्ली

महोदय, स. न. वि. वि.

आपण मराठी वाचत नसाल, पण खात्यात कुणी ना कुणी महाराष्ट्रातलं असेलच. त्यांच्याकडून वाचून घ्यावं ही विनंती. मी घाटंजी तालुक्यातल्या एका खेड्यात राहते, एका पतसंस्थेत कारकून आहे आणि गेल्या उन्हाळ्यात एलएल.बी. पास झाले. सनद, म्हणजे वकिली करायचा परवाना, मात्र अजून काढता आलेली नाही. ती का, हे सांगण्यासाठी हे पत्र.

मागच्या सोमवारी मी कॉलेजात गुणपत्रिका आणायला गेले होते. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण अजून माझे कागद त्यांच्याच ताब्यात आहेत. खिडकीमागच्या बाबूनं लोखंडी कपाट उघडलं, लाल दोरीनं बांधलेला गठ्ठा काढला, त्यातली माझी गुणपत्रिका मला दाखवली. नाव बरोबर, आईचं नाव बरोबर, शिक्का बरोबर. मग ती पुन्हा गठ्ठ्यात सरकवली, दोरी बांधली आणि म्हणाला, "मॅडम, तुमच्या फीचा सरकारचा पैसा आला नाही. आला की घेऊन जा. आमी काय बँक हाय?"

आता हा सरकारचा पैसा म्हणजे काय, ते सांगते. 8 जुलै 2024 ला राज्य सरकारनं निर्णय काढला की आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, आर्थिक दुर्बल आणि मराठा समाजाच्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी सरकार भरणार. गावोगावी फलक लागले. माझ्या बाबांनी तो फलक चष्मा लावून दोनदा वाचला. शेवटच्या वर्षाची फी सुटली म्हणून त्या साली त्यांनी सावकाराकडे जायचं टाळलं. मंत्री भाषणात बजावतात, मुलींकडून फी मागाल तर कारवाई करू. कॉलेजवाले शहाणे, फी मागतच नाहीत. नुसती गुणपत्रिका ठेवून घेतात.

आपण म्हणाल हा राज्याचा विषय आहे. कबूल. पण गुणपत्रिकेशिवाय सनदेचा अर्ज होत नाही, आणि सनद आपल्या 1961 च्या वकील कायद्याखाली मिळते. शिवाय सर्वोच्च न्यायालयानं 20 मे 2025 ला ठरवून टाकलं की दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसायचं तर आधी तीन वर्षं वकिली केलेली पाहिजे, आणि ती वर्षं तात्पुरत्या नोंदणीच्या, म्हणजे पहिल्यांदा सनद मिळाल्याच्या, तारखेपासून मोजायची. अमरावतीचे न्यायमूर्ती गवई सरन्यायाधीश झाले तेव्हा आम्हाला आपल्या घरचा माणूस झाल्यागत आनंद झाला होता. आठवडाभरात त्यांच्याच खंडपीठाचा हा निकाल आला. निकाल चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. कोर्टाचं तोंड न पाहिलेला न्यायाधीश कुणालाच नको. पण माझी तीन वर्षं सुरू कधी होणार? माझी गुणपत्रिका त्या गठ्ठ्यात जितके महिने पडून राहील, तितके महिने माझी न्यायाधीशाची परीक्षा पुढे जाईल. वय काही त्या गठ्ठ्यात बांधून ठेवता येत नाही.

कागदावर सनद स्वस्त आहे, हे मला माहीत आहे. वकील कायद्याच्या कलम 24 प्रमाणे वकिलांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या विधिज्ञ परिषदेला 600, भारतीय विधिज्ञ परिषदेला 150, एकूण साडेसातशे. अनुसूचित जाती-जमातींना सव्वाशे. मुद्रांक वेगळा. आता कायद्याचं रक्षण करणाऱ्यांच्याच परिषदा हा कायदा किती पाळत होत्या पाहा. ओडिशात 42,100 रुपये घेत होते! शेवटी 30 जुलै 2024 ला सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की संसदेनं ठरवलेल्या रकमेवर एक पैसा घेता येणार नाही. आणि आधी घेतलेले? ते परत करायची गरज नाही, असंही त्याच निकालात आहे. आमच्या गावात व्यापाऱ्यानं काटा मारला तर तो निदान तोंड चुकवत फिरतो.

सनदेचं दार उघडलं तरी पुढे अखिल भारतीय बार परीक्षा आहेच. दोन वर्षांत ती पास झालो नाही तर वकिली बंद. शंभर प्रश्न, टिपणं नसलेली कायद्याची पुस्तकं सोबत न्यायची मुभा, खुल्या आणि ओबीसी वर्गाला 45 टक्के लागतात. परीक्षेबद्दल माझी तक्रार नाही. घटनापीठानं फेब्रुवारी 2023 मध्ये ती वैध ठरवली आहे आणि मला अभ्यासाची भीती नाही. पण फी 3,500! सनद साडेसातशेची आणि तिच्या परीक्षेची फी तिच्या साडेचारपटीहून जास्त. लाखभर मुलं बसतात असं धरा, 35 कोटी झाले. 2,500 ची सवलत असलेले वजा करा, तरी आकडा डोळे फिरवणारा आहे. एवढ्या पैशात जिल्ह्याच्या ठिकाणी एक केंद्र होत नाही? आम्ही पहाटेची एसटी धरून नागपूर गाठायचं.

2025-26 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 होता. आमचं सोयाबीन चार हजारांच्या आत गेलं, ओलं आहे म्हणून. म्हणजे परीक्षेच्या फीला एक क्विंटल, एसटीला आणि जेवणाला वरून पायलीभर.

पण खरा खर्च याच्या पुढे आहे, आणि तो कुठल्याच कलमात लिहिलेला नाही. सनद घ्यायची तर मला पतसंस्थेची नोकरी सोडावी लागेल. वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही, धंदाही स्वतः चालवता येत नाही. वावरात राबायला मात्र मनाई नाही. शेतीला धंदा म्हणून मोजतंच कोण? नोकरी सोडून मी तालुक्याच्या कोर्टात कुणा सिनिअरच्या हाताखाली उभी राहणार. त्यांच्या फायली उचलायच्या, तारखा घ्यायच्या, टायपिस्टच्या टेबलाशी उभं राहून अर्जातल्या चुका काढायच्या. पैसे? एका वकीलसाहेबांना मी भीत भीत विचारलं. ते हसून म्हणाले, "पोरी, आम्ही आमच्या सिनिअरची बॅगही उचलली अन् चहाही आमच्याच खिशातून पाजला."

ऑक्टोबर 2024 मध्ये भारतीय विधिज्ञ परिषदेनं परिपत्रक काढलं की ज्युनिअरला शहरात महिना किमान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 द्यावेत. द्यावेत, बरं का. सक्ती नाही. खेड्यातलं पोट पाच हजारांनी लहान का, हेही कुणी सांगितलं नाही. ते परिपत्रक मी मोबाइलवर त्या साहेबांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढून वाचलं आणि मोबाइल परत देत म्हणाले, "छान आहे."

तीन वर्षं बिनपगारी राहू शकतो कोण, महोदय? ज्याचा बाप वकील, ज्याचं घर कोर्टासमोर, ज्याच्या घरी भाड्याची दुकानं. उद्या न्यायाधीश तेच होणार आणि आमच्या फेरफाराचे, बांधाचे, पोटगीचे निकाल तेच लावणार. मग खेड्यातून न्यायाधीश येत नाहीत म्हणून परिसंवाद भरवा.

आणि वेळ लागतो, प्रक्रिया असते, हे मला सांगू नका. कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क ऑगस्ट 2025 मध्ये काढायचं ठरलं तेव्हा किती प्रक्रिया लागली? एक अधिसूचना निघाली आणि परदेशी गाठी बंदरात उतरायला मोकळ्या. मग तीच माफी वर्षाअखेरपर्यंत वाढवली. आमच्या घरात तेव्हा पऱ्हाटीला बोंडं धरत होती. गिरणीवाल्यासाठी सरकार पळतं. फीच्या प्रतिपूर्तीचा विषय निघाला की निधी नाही, पोर्टल बंद आहे, अर्ज तपासणीत आहे. बाबांना तर आता सरकारनं "मोफत" म्हटलं की घाम फुटतो.

मागणं थोडंच आहे. कुठल्याही कारणानं अडवलेल्या गुणपत्रिकेसाठी सनदेचा अर्ज थांबू नये, विद्यापीठाकडून ऑनलाइन पडताळणी करून नोंदणी व्हावी आणि तारीख अर्जाच्या दिवसाची धरावी. 15,000 ची शिफारस नियमात आणा, आणि सिनिअरला झेपत नसेल तर निम्मे सरकारनं द्यावेत. 2025 च्या फेब्रुवारीत आपल्या खात्यानं वकील कायद्याच्या दुरुस्तीचा मसुदा काढला होता. वकिलांनी काम बंद केल्यावर तो मागे घेतला. पुन्हा काढाल तेव्हा ज्यांना अजून कोटही शिवता आलेला नाही, त्यांनाही एकदा विचारा.

या पत्राची प्रत राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांनाही पाठवली आहे. दोघांपैकी जे कार्यालय आधी "सदर विषय आमच्याशी संबंधित नाही" असं कळवेल, त्याचं पत्र मी आमच्या कोर्टाच्या बार रूममधल्या फलकावर लावणार आहे. तिथं सनद नसली तरी टाचणी लावू देतात.

आपली,
एक विधी पदवीधर
ता. घाटंजी, जि. यवतमाळ