सूचना : कानबाईच्या गाण्यांचं फोल्डर उतरवताना

सर्व सभासदांनो, श्रावणात आपल्या खानदेशात कानबाई देवीचा उत्सव असतो, त्याआधी गाणी हाताशी असावीत म्हणून हे वाचाच.

गूगल ड्राइव्हवरचं अख्खं फोल्डर एकदम डाउनलोड करू नका. ड्राइव्ह त्याची झिप (सगळ्या फाइलींचं एकच गाठोडं) बनवतं आणि फोल्डर मोठं असलं की साधारण २ जीबीचे तुकडे पाडतं. ब्राउझर ‘एकापेक्षा जास्त फाइल उतरवू का?’ विचारतो, तिथे नकार दिला की पहिलाच तुकडा येतो आणि बाकीची गाणी गहाळ झाल्यासारखी वाटतात. मोठ्या फाइली कधी झिपच्या बाहेर, सुट्ट्याही येतात. त्या डाउनलोड्समध्ये शोधा.

वीज किंवा नेट मध्येच गेलं, तर कंट्रोल आणि जे दाबून डाउनलोड्सची यादी उघडा आणि ‘रिझ्यूम’ करून बघा. सुटी फाइल बहुतेक वेळा पुढे चालू होते, झिपचा मात्र भरवसा नाही. म्हणून धुळे, शिरपूर, चोपडा, जिथे कुठे असाल तिथे एकेक गाणंच उतरवा, वेळ लागला तरी चालेल.

‘परवानगी नाही’ दिसलं तर बहुतेक वेळा ब्राउझरमध्ये दुसरंच खातं उघडं असतं. इन्कॉग्निटो (खासगी) विंडोत, ज्या ईमेलवर लिंक आली त्याच खात्याने आत जा. ‘कोटा संपला’ (म्हणजे त्या फाइलची डाउनलोडची मर्यादा संपली) असं आलं तर पुन्हापुन्हा क्लिक करू नका, २४ तासांनी बघा.

पेनड्राइव्हमध्ये जागा असूनही व्हिडिओ जात नसेल, तर पेनड्राइव्ह बहुतेक फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असणार. त्यात ४ जीबीची एक फाइल मावत नाही. एक्सफॅट या नव्या पद्धतीत फॉरमॅट करा, पण आतलं सगळं पुसलं जातं, आधी काढून ठेवा.