चाळिशीनंतर नर्सिंगची वाट दाखवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

आरएनचं, म्हणजे नोंदणीकृत नर्सचं, लायसन्स आलं त्या दिवशी तुम्हाला फोन केला, पण रडूच आवरेना आणि आभार राहून गेले. ते आज चारचौघांत मानते. बी.कॉम. करून न्यू जर्सीत आलेल्या, चाळिशी ओलांडलेल्या कितीतरी जणी नर्स व्हावं का, याच विचारात असतात, आणि प्रत्येकीला तुमच्यासारखी ताई भेटतेच असं नाही.

वय निघून गेलं असंच मी धरून चालले होते. आपल्याकडे जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, पस्तिशीची अट असते, तीच डोक्यात बसलेली. "इथे वय कोणी विचारत नाही, ॲनाटॉमीचे मार्क विचारतात," हे तुमचं वाक्य ऐकून मला हुरूप आला.

माझ्या हातात एका खासगी कॉलेजचं माहितीपत्रक होतं. आधीची पदवी असलेल्यांना १२ ते १८ महिन्यांत बीएसएन, म्हणजे नर्सिंगची बॅचलर पदवी. चष्मा लावून तुम्ही ते ओळ न् ओळ वाचलंत. राज्याच्या नर्सिंग बोर्डाची मान्यता आहे का? पहिल्याच प्रयत्नात एनसीएलईएक्स, म्हणजे लायसन्सची परीक्षा, किती जण पास होतात? मला काहीच सांगता आलं नाही. आपली तीन वर्षांची पदवी इथली बरीच कॉलेजं बॅचलरच्या बरोबरीची धरत नाहीत, हेही तोवर मला कोणी सांगितलं नव्हतं. शिवाय तो कोर्स करायचा म्हणजे नोकरी सोडायची. आणि घराचे हप्ते चालू, मुलगा सातवीत. त्याच माहितीपत्रकाच्या मागे तुम्ही पेन्सिलीने फी, माझा पगार आणि मुलाच्या शाळेची वेळ मांडलीत, आणि खाली लिहिलंत: कम्युनिटी कॉलेज, एडीएन.

एडीएन म्हणजे नर्सिंगची दोन वर्षांची पदवी. ते ऐकून माझं तोंड उतरलं. तुम्ही समजावलंत की परीक्षा तीच, लायसन्स तेच, बीएसएन नोकरी करता करता होतं. मोठी हॉस्पिटलं बीएसएन मागतात आणि न्यूयॉर्कमध्ये तर २०१७ च्या कायद्याने नव्या आरएनला दहा वर्षांत ते करावंच लागतं, हेही लपवलं नाहीत. एडीएनची कल्पना मिल्ड्रेड मॉन्टॅग यांनी १९५१ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या प्रबंधात मांडली, हे मी पुढे वाचलं. संसार सांभाळून शिकणाऱ्या माझ्यासारखीला त्या बाईंचेही आभार मानावेसे वाटतात.

पण सगळ्यात मोठं ऋण सीएनएचं, म्हणजे नर्सिंग मदतनिसाच्या कामाचं. "फॉर्म भरायच्या आधी ते कर. दुसऱ्याचं अंग पुसताना तुझा हात कसा चालतो ते बघ," असं तुम्ही सांगितलंत. प्रशिक्षण थोडक्यात होतं. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या नियमाने किमान ७५ तास, काही राज्यांत जास्त. मग नर्सिंग होम. अर्धांगवायू झालेल्या एका आजींची कूस बदलायची होती. कूस बदलली, चादर सारखी केली, झालं असं मला वाटलं. सोबतच्या जुन्या सीएनएने आजींच्या पोटरीखाली उशी सरकवली, टाच गादीपासून अधांतरी ठेवली आणि तिथली कातडी लाल झालीय का ते वाकून पाहिलं. टाच टेकून राहिली की तिथेच जखम होते, म्हणाली. घरी येताना गाडीत मी त्या टाचेचाच विचार करत होते. हे काम आपल्याला आवडणार, हे माझं मला कळलं. कोणी नुसतं "जमेल तुला" म्हणून ते कळलं नसतं.

ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी आणि मायक्रोबायोलॉजी एकाच सेमिस्टरला घेऊ नकोस, हा तुमचा सल्लाही मोलाचा ठरला. आणि परीक्षेच्या दिवसांत तुमच्याकडचे काका मुलाला पोहायला न्यायचे, येताना हातात डबा द्यायचे. एकदाही त्यांनी ते बोलून दाखवलं नाही.

आता हॉस्पिटल फीचा काही भाग देतंय, ऑनलाइन बीएसएन सुरू केलंय. संशोधनाच्या पेपरला अडले की तुमच्याकडेच येणार आहे. काकांना नमस्कार सांगा.

तुमची,
धाकटी बहीण