गच्ची नाही, अगाशीच

बडोदा,
20 जानेवारी

प्रिय सुलू,

संक्रांतीला तुझा फोन आला तेव्हा मी तुटक बोलले, ते मनात राहिलंय. आदल्याच दिवशी संपादकांचं पत्र आलं होतं. कादंबरी त्यांना आवडली. पण भाषेतलं गुजराती काढा म्हणतात, आणि शेवटी त्या दोघांचं काहीतरी ठरवून टाका. पंधरा वर्षांच्या पोरांचं मी काय ठरवू, सांग!

गुजरातीचं जास्त लागलं. माझी नायिका दांडिया बाजारात राहते. ती गच्ची कशाला म्हणेल? अगाशीच म्हणणार. आपण काय म्हणायचो, आठव. उत्तरायणला ती अख्खी दुपार त्याची फिरकी धरून उभी आहे. ढील द्यायची की गुंडाळायचं, हे तो बोलत नाही, तिला त्याच्या खांद्यावरून कळतं. संध्याकाळी तिची आई तिळगुळाचा डबा घेऊन वर येते. त्याच्या उजव्या बोटाला मांजानं खोल चीर पडलेली, म्हणून तो डावा हात पुढे करतो. "तिळगूळ डाव्या हातानं घेतात का रे?" आई रागावते. चीर कुणी पाहिलेली नाही, फक्त हिनं पाहिलीय. त्या प्रकरणात प्रेम हा शब्द एकदाही नाही, सुलू, आणि ते मला जमलंय असं वाटतं. त्यात 'गच्ची' घातली की ती मुलगी बडोद्याची राहत नाही.

दुसरी जागा तुझ्यामुळे सुचली. मांडवीजवळची आपली सेंट्रल लायब्ररी. सयाजीरावांनी 1910 साली अमेरिकेहून बोर्डनसाहेबांना बोलावून ग्रंथालयांची घडी बसवली, हे शाळेत पाठ केलं होतं. पण लक्षात राहिली ती पुस्तकांच्या मजल्यांवरची जाड काचेची जमीन. खाली उजेड पोचावा म्हणून केलेली. खालून वर पाहिलं की चालणाऱ्यांच्या पावलांच्या सावल्या दिसतात. माझी नायिका पुस्तक उघडं धरून वर बघत राहते. डावी चप्पल जरा घासत चालणारी सावली आली, की पान उलटते.

'शाळा' 2004 साली आली, तेव्हा तूच मला पोस्टानं पाठवली होतीस. नववीतला मुकुंद, ती शिरोडकर, बाहेर आणीबाणी. बोकीलांनी त्या वयाला किती मान दिलाय! पण आपल्याकडे असं किती? फास्टर फेणे संपला की मुलांच्या हातात थेट 'मृत्युंजय' नाहीतर 'ययाति'. मधली चार-पाच वर्षं त्यांनी काय वाचायचं? घरात सगळे म्हणतात, आता जरा गंभीर लिही. अगं, कुणीतरी आपल्या हाकेला 'ओ' देईल की नाही, या काळजीनं रात्रभर जागणारी मुलगी मला पुरेशी गंभीर वाटते. मला ते हसत-खेळत सांगायचंय, एवढंच.

मी संपादकांना कळवलंय: अगाशी राहील, 'येशील ने?' राहील, आणि शेवटी तो दहावीनंतर सुरतेला जाईल. ती स्टेशनवर जाणार नाही. नकार आला तर दुसरा प्रकाशक बघेन.

आठवं प्रकरण सोबत पाठवतेय. तुझ्या लेकीला आधी वाचायला दे, तू नंतर वाच. तिला कुठे कंटाळा आला, तिथे पेन्सिलीनं रेघ मारायला सांग. आणि तिला ती मुलगी खोटी वाटली, तर मला लगेच फोन कर, रात्र झाली तरी चालेल.

तुझीच,
विदू